बाळ खाली ठेवायचं नाही

"समुद्र नको. समुद्र माझ्या माहेरी आहे," तिकिटं काढायच्या आधीच आईने सांगून टाकलं. तिचं माहेर राजापूर तालुक्यातलं. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात, जिभेची धार मात्र शाबूत आहे. बालीच्या किनाऱ्यावर छत्रीखाली आडवं पडायचं हे तिला पटणारं नव्हतं, आणि दरीवरच्या झोपाळ्यावर बसून पाच हात लांब झगा उडवत फोटो काढून घ्यायचे हे मला. मग उरलं गाव.

बालीत गाव दाखवणारे पुष्कळ. जाता जाता आम्हीही असं एक पाहून घेतलं. बांगली जिल्ह्यातलं पेंगलिपुरान. मधोमध दगडी फरसबंदी वाट, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, गाड्यांना मज्जाव, मागे बांबूचं बन. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटन-गावांत त्याची गणना केली. गाव खरंच देखणं आहे. पण आत जायला तिकीट आहे आणि जवळजवळ प्रत्येक दारामागे दुकान. एका बाईने आम्हाला लोलो चेमचेम नावाचं हिरवट आंबट-तिखट पेय बाटलीतून दिलं. आईने घोट घेतला, पानाचा वास घेतला आणि म्हणाली, "हा आंबाडा." नंतर पाहिलं तर खरंच आंबाड्याच्याच झाडाची पानं. बाहेर पडताना मात्र ती म्हणाली, "ह्या बायकांना दिवसभर आवरूनच बसावं लागत असेल गं." तिथून पुढे मला त्या गावात काही बघवेना.

आम्हाला जायचं होतं सिबेतानला. पूर्वेच्या कारांगासेम जिल्ह्यातलं, आगुंग पर्वताच्या पायथ्याकडचं, सलाक नावाच्या फळाच्या बागांचं गाव. ह्या गावाचं नाव कळलं ते एका जुन्या उपक्रमामुळे. २००२ साली बालीतल्या चार गावांनी मिळून पर्यटनाचं एक जाळं उभं केलं, जारिंगान एकोविसाता देसा. कॉफीचं कियादान पेलागा, सलाकचं सिबेतान, दुहेरी इकत विणीच्या गेरिंगसिंग कापडाचं तेंगानान, आणि समुद्रशेवाळाची शेती करणारं नुसा चेनिंगान हे छोटं बेट. कल्पना साधी होती. एका वेळी थोडीच माणसं घ्यायची, वाट गावातल्याच माणसाने दाखवायची, पैसा गावात राहायला हवा, आणि काय दाखवायचं व काय नाही हे गावाने ठरवायचं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कुट्यात बॉम्बस्फोट झाले, दोनशेवर माणसं गेली आणि पर्यटकांनी गजबजलेलं बेट ओस पडलं. करोनात पुन्हा तेच झालं. तेव्हा चेनिंगान आणि शेजारच्या लेंबोंगानची माणसं हॉटेलं सोडून परत समुद्रशेवाळाकडे वळली, कारण ते करायचं कसं हे अजून हाताला आठवत होतं. चार गावांच्या त्या कल्पनेत मला आवडलं ते हे, की तिथे पर्यटन तोंडीलावण्याइतकंच आहे. भात दुसरीकडून येतो.

विमानतळापासून सिबेतान साधारण अडीच तास. गाडी चालवायला आला तो, ज्या घरी आम्ही उतरणार होतो, त्याच घरातला पुतण्या. त्याला आम्ही ब्ली म्हणायचं होतं. ब्ली म्हणजे दादा. आई पहिल्या दिवसापासून त्याला "बलीदादा" म्हणायला लागली, म्हणजे दादादादाच. त्याने कधी हरकत घेतली नाही. डॅशबोर्डवर नारळाच्या पातीची इवलीशी टोपली, तिच्यात फुलं आणि विझलेली उदबत्ती.

वाटेत सिदेमेनच्या खोऱ्यात भाताची खाचरं लागली. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी ती हिरवळ फोटोत पाहिलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात पाहताना तोंडून ठरलेला उद्गार निघतो. मीही काढला. ब्ली म्हणाला, "तुम्हाला जिना दिसतो. आम्हाला वेळापत्रक दिसतं."

मग त्याने सुबाक समजावून सांगितला. एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतांचे सगळे शेतकरी मिळून एक सुबाक, त्यांचा प्रमुख तो पेकासेह. पाणी जिथे जिथे फुटतं तिथे देऊळ, अगदी वर सरोवराच्या देवळापर्यंत, आणि कुणाचं खाचर कधी भिजायचं, कधी कोरडं ठेवायचं हे त्या देवळांच्या सणवारांशी बांधलेलं. २०१२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. त्याच्या आधी, १९७० च्या दशकात, सरकारी माणसांनी नव्या जातीचं भात आणलं होतं आणि सांगितलं होतं, देवळाकडे बघत बसू नका, जमेल तितकी पिकं घ्या. शेतकऱ्यांनी घेतली. एका वेळी सगळी खाचरं मोकळी राहीनाशी झाली, तुडतुड्यांना बारमाही पंगत मिळाली आणि कीड अशी माजली की शेवटी देवळाचं वेळापत्रकच परत आणावं लागलं.

माझं सासर धुळ्याचं. सासऱ्यांकडून पांझरेवरच्या फडांबद्दल इतकं ऐकलंय की मला राहवेना. बंधारा, पाट, एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, मालकाने हात लावायचा नाही. सगळं मी ब्लीला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून चालतं?"

"थोडंफार," मी म्हटलं.

तो पुढे बघून गाडी चालवत राहिला.

घर म्हणजे एक घर नव्हतंच. कमानीतून आत शिरलं की आधी समोर आडवी भिंत येते, आलिंग-आलिंग. वाईट शक्तींना वळता येत नाही, सरळच चालता येतं, म्हणून त्या तिथे अडतात. भिंतीला वळसा घातला की अंगण, नाताह. अंगणाभोवती सुट्या सुट्या इमारती. एक झोपायची, एक उघडी, चार खांबांची, जिथे जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे विधी होतात, एक पाहुण्यांची, आणि समुद्राकडच्या अंगाला स्वयंपाकघर, पाओन. सगळ्यात पवित्र कोपरा डोंगराकडचा आणि उगवतीचा. तिथे घराण्याचं देऊळ. दिशा सांगायच्या त्याही कजा आणि केलोद, म्हणजे डोंगराकडे आणि समुद्राकडे. इबू, म्हणजे घरची बाई, मला म्हणाली, "तो पेला जरा कजाकडे सरकव." आई लगेच म्हणाली, "आमच्याकडे वरच्या अंगाला म्हणतात तसं."

देवळाच्या कुंपणापाशी इबू थांबली. "इथून बघा. आत आमचे पूर्वज आहेत." बोलली हसून, पण पाऊल आडवं ठेवून. फोटोंचं तिने काही सांगितलं नाही. मी आपणहून फोन खिशात टाकला, आणि खरं सांगायचं तर जरा हिरमुसले. इतक्या लांबून आलोय आणि मुख्य तेच नाही?

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र मला भरतं आलं होतं, आणि त्याला कारणंही तशी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शक १९४७ छापलेलं. आई जवळ जाऊन चष्मा वरखाली करत म्हणाली, "अगं, आपलंच साल!" खरंच आपलंच. बालीचं वर्षही अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला सुरू होतं, त्या दिवसाला न्येपी म्हणतात. २०२३ साली न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले होते, २२ मार्चला. त्या दिवशी डोंबिवलीत आमच्या इमारतीखालून शोभायात्रा गेली, ढोल-ताशांनी काचा हादरत होत्या, आणि तिकडे बालीत चोवीस तास दिवा नाही, विस्तव नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. विमानतळसुद्धा बंद. मोबाइलचं इंटरनेटही बंद. हे ऐकल्यावर आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हे आपल्याकडे जमायचं नाही."

शिवाय तो "ज्ञ". ब्ली पाच यज्ञ बोटांवर मोजत होता. देवांचा, पितरांचा, ऋषींचा, माणसांचा आणि भुतांचा. आणि प्रत्येक वेळी तो म्हणत होता "यद्न्य". हिंदीवाल्यांचा "यग्य" नाही, गुजरात्यांचा "यग्न" नाही. थेट आपला. मी ताडकन उठून बसले. हजारो मैलांवर कुणीतरी आपल्यासारखा "ज्ञ" म्हणतंय ह्याचा आनंद मराठी माणसाखेरीज कुणाला कळायचा नाही.

मग काय, मी सुटलेच. हे आमच्याकडेही असतं. हे आमच्याकडे असं करतात. तुमची सरस्वती, आमची सरस्वती. विड्याचं पान, सुपारी, चुना, सगळं आमचंच. इबू प्रत्येक वाक्याला "या, या" म्हणजे "हो, हो" म्हणत मान डोलवत होती. तेव्हा मला ते कौतुक वाटलं. आता वाटतं, पाहुण्याला बोलू द्यायचं असतं म्हणून ती बोलू देत होती. बालीत येणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीयांचा क्रमांक आता ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल आहे. ही वाक्यं त्या बाईने किती जणांकडून ऐकली असतील!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं.

घरात अडीच महिन्यांचं बाळ होतं, इबूचा नातू. सून अंघोळीला गेली होती, इबू पाओनमध्ये. बाळ कुरकुरायला लागलं तशी सुनेने जाता जाता ते आईच्या हातात दिलं होतं. आईच्या हातून तीन नातवंडं आणि शेजारपाजारची धरून डझनभर बाळं न्हाऊन-माखून गेलेली. तिने त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, "ओ ओ ओ" केलं. मग तिने ओळखलं की ह्याचं पोट फुगलंय, पाय मोकळे करायला हवेत. उघड्या इमारतीच्या पायरीखाली अंगणात चटई पसरलेली होती. आई हळूहळू, गुडघ्यांना सांभाळत वाकली आणि बाळाला चटईवर ठेवायला लागली.

अंगणाच्या पलीकडून दादोंग ओरडली. दादोंग म्हणजे आजी, इबूची सासू. वय तिलाही ठाऊक नाही, पण आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठी. ती बाई मी तोवर बसलेलीच पाहिली होती. ती धावली. पाओनमधून इबू आली, हाताला हळद-खोबरं तसंच. ब्ली स्कूटर पुसत होता, तो फडकं टाकून आला. बाळ आणि जमीन ह्यांच्यात वीतभर अंतर उरलं असेल, तेवढ्यात इबूने खालून दोन्ही हात घातले आणि ते उचललं.

कुणी काही वाईट बोललं नाही. उलट सगळे हसले, घाईघाईने, आपण घाबरलो हे लपवायला हसतात तसे. आईला काहीच कळेना. ती वाकलेली तशीच, रिकामे हात पुढे.

ब्लीने सांगितलं. बाळाचे पाय तीन महिने जमिनीला लागू द्यायचे नाहीत. बाली महिना पस्तीस दिवसांचा, म्हणजे एकशे पाच दिवस. मग विधी होतो, आणि तेव्हा ते पहिल्यांदा मातीला टेकतं. तोवर ते नुसतं बाळ नसतं, नुकतंच तिकडून आलेलं असतं. घराण्यातलंच कुणीतरी परतलेलं. कोण आलंय ते बालियानकडे, म्हणजे गावातल्या जाणत्याकडे, जाऊन विचारतात.

"ह्यांनी विचारलं?" मी म्हटलं.

"विचारलं ना." ब्लीने दादोंगकडे पाहिलं, मग जरा अवघडून म्हणाला, "तिचा नवरा आलाय."

मी हे आईला मराठीत सांगितलं. आईने कानाला हात लावला, दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि दादोंगकडे बघून मान हलवली. दादोंगने ब्लीला काहीतरी विचारलं. ब्ली म्हणाला, "ती विचारतेय, कान दुखतो का? तेल आणू?"

रात्री पडल्यावर आई छपराकडे बघत म्हणाली, "मी माझ्या सुनेचं बाळ असल्यासारखी वागले. विचारायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "तुला कसं माहीत असणार?" तर म्हणाली, "माहीत नव्हतं म्हणूनच विचारायचं ना. आपलंच साल, आपलंच पान करत बसलीस कालपासून. मलाही वाटायला लागलं, आपलंच घर आहे."

हा टोला मला होता आणि बरोबर बसला. अनोळखी देशात माणूस पाऊल जपून टाकतो. जपानला गेले होते तेव्हा मी चप्पल कुठे काढायची हेसुद्धा तीनदा विचारत होते. इथे विचारलं नाही, कारण इथे मला सगळं माहीतच होतं. बालीत धिंगाणा घालणाऱ्या गोऱ्या पर्यटकांच्या बातम्या आपण चवीने वाचतो. २०२२ साली तबानानमधल्या एका पवित्र झाडावर विवस्त्र फोटो काढणाऱ्या जोडप्याला हाकलून दिलं, वगैरे. ते आपण नाही करणार. आपण दुसरंच करतो. घरात शिरतो आणि वडीलकीच्या नात्याने सांगायला लागतो की हे मूळचं आमच्याकडचं आहे.

दुसऱ्या दिवसापासून आईने एक खूण काढली. काहीही उचलायच्या, ओलांडायच्या, शिवायच्या आधी ती दादोंगकडे बघायची आणि तळहात उताणा करून भुवया उंचवायची. दादोंग मान हलवायची, होकाराची किंवा नकाराची. दोघींचं दिवसभर एवढंच चालायचं. बाकी आई मराठीत बोलायची, दादोंग बालीत.

मीही तोंड आवरायला शिकत होते. सकाळी भात झाला की घरातलं कुणी खायच्या आधी इबू केळीच्या पानाच्या तुकड्यांवर शितं-शितं भात, चिमूट मीठ, जे काही शिजलं असेल त्यातलं थोडं ठेवायची आणि ते तुकडे घरभर मांडायची. चुलीवर, गॅसच्या शेगडीवर, पाण्यापाशी, तांदळाच्या डब्यावर, अंगणात जमिनीवर. ह्याला म्हणतात यद्न्य सेसा. यज्ञशेष! माझ्या ओठांवर "वैश्वदेव" आला होता, तो गिळला आणि नुसतं विचारलं, "शेगडीवर का?" इबू म्हणाली, "तिने शिजवलं म्हणून. आणि शिजवताना मुंग्या-किडे मेले असतील, पाणी सांडलं असेल, त्याची माफी." पुढे म्हणाली, "सासू नसते तेव्हा मी कधी कधी विसरते," आणि पाओनच्या दाराकडे बघून जीभ चावली. मी वैश्वदेव सांगत बसले असते तर हे वाक्य मला मिळालं नसतं.

ब्लीने सांगितलं की लोखंडाच्या वस्तूंचाही एक दिवस असतो, तुंपेक लांदेप, तेव्हा स्कूटरला फुलं वाहतात. खंडेनवमीसुद्धा गिळली. ती जरा जड गेली.

एका गोष्टीला मात्र मी दचकले आणि आई नाही. संध्याकाळी कमानीबाहेर थेट जमिनीवर इबूने रंगीत भाताची पुडी, आलं, कांदा, मीठ असं मांडलं. हे खालच्यांसाठी, बुता-कालांसाठी, म्हणजे भुताखेतांसाठी. मोठ्या विधीला कोंबडं देतात, रक्त जमिनीला द्यावं लागतं, असं ब्ली सहज म्हणाला. माझ्या पुणेरी चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं. आई म्हणाली, "त्यात तोंड काय वाकडं करतेस? राखण द्यायला नको का?" तिच्या गावी वेशीवरच्या राखणदाराला कोंबडं चुकत नाही. संस्कृतातलं सगळं मला ओळखीचं वाटलं होतं, आणि हे वेशीवरचं तिला. आम्ही दोघी दोन वेगळ्या बाली बघत होतो.

दुपारी चानांग, म्हणजे गाडीत दिसली होती ती फुलांची टोपली. ही टोपली बालीत पावलोपावली दिसते. दुकानाच्या पायरीवर, फुटपाथवर, एटीएमच्या मशीनवरसुद्धा. शहरातल्या नोकरी करणाऱ्या बायका ती बाजारातून विकत आणतात. इबूच्या घरी दादोंग करते. नारळाची कोवळी, पिवळसर पात. सुरीने पट्टी कापायची, चार ठिकाणी दुमडायची, कोपरे बांबूच्या चोयांनी टाचायचे. झाली चौकोनी तबकडी. आत विड्याचं पान, चुना, सुपारी ह्यांची बारीकशी गुंडाळी, केळ्याची चकती, उसाचा तुकडा. त्यावर पातीचंच गोल चक्र, आणि चक्रावर फुलं. ती कशीही नाहीत. पांढरं पूर्वेला, तांबडं दक्षिणेला, पिवळं पश्चिमेला, निळं किंवा हिरवं उत्तरेला. वर केवड्याच्या जातीच्या पानांचा कीस.

ऐकायला सोपं. दादोंगच्या हातात एक तबकडी पुरी व्हायला मिनिटही लागत नव्हतं आणि ती बघत नव्हती, रस्त्याकडे बघत गप्पा मारत होती. माझी पात दुमडताना चिरली. दुसरी चिरली नाही पण चोय आरपार जाऊन बोटात शिरली. तिसरी उभी राहिली, तिला पाच कोपरे होते. दादोंगने ती हातात घेतली, फिरवून बघितली, चोया एकेक काढून परत डबीत टाकल्या, पात सरळ केली आणि त्याच पातीची स्वतः तबकडी केली. वायाला काही घालवलं नाही, मलासुद्धा दुखवलं नाही.

आईने आधी खूण केली, होकार आला, मग मांडीवर पात घेतली. लहानपणी लग्नसराईत तिने पत्रावळी टाचल्या आहेत, शेकड्यांनी. पहिल्या दोनांना चुकली, कारण पळसाचं पान वेगळं ओढतं आणि नारळाची पात वेगळी. तिसरी जमली. चोय अर्धी शिरवून उरलेली कटकन मोडायची, ती मोडायची लय दोघींची एक होती. कट, कट. दादोंगने तिच्या नऊ तबकड्या बाजूला मांडून तपासल्या, दोन उसवल्या, सात ठेवल्या. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सातवीपर्यंत पास."

शेवटच्या दिवशी सकाळी सलाकच्या बागेत जायचं होतं. त्यासाठीच तर सिबेतान. नारळ-फणसांच्या सावलीत वाढणारी ती काटेरी ताडकुळातली झुडपं, बुंध्याशी लागणारे घोस, सापाच्या कातडीसारखी साल. जानेवारी म्हणजे भर हंगाम. ब्लीने दोन तासांची वाट ठरवली होती, आईच्या गुडघ्यांचा हिशोब धरून. दुपारी आम्हाला निघायचं होतं.

आम्ही बूट बांधत असताना कुलकुल वाजला. बंजारच्या मनोऱ्यात टांगलेला लाकडी पोकळ ओंडका. बंजार म्हणजे वाडीच म्हणा, पण वाडीपेक्षा घट्ट. लग्न झालं की माणूस बंजारचा होतो, आणि मग लग्न, दहन, देवळाचं काम, जे असेल त्याला हजर राहायचं. नाही गेलं तर दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे तुमच्या घरी वेळ येईल तेव्हा कोण येणार? ठोके कसे पडतात त्यावरून कळतं बोलावणं कशाचं आहे. ब्लीने चार ठोके ऐकले आणि बुटाची नाडी सोडली.

खालच्या आळीतले एक म्हातारबाबा गेले होते.

पाच मिनिटांत तो कामेन नेसून, डोक्याला उदेंग बांधून आला. आमच्यासमोर उभा राहून म्हणाला, "उद्या जाऊ बागेत." मग त्याचं त्यालाच आठवलं की आमचा उद्या इथे नाही. त्याने खिशातून दीड लाख रुपिया काढले, त्या फेरीचे आम्ही आगाऊ दिलेले, आपले आठशेच्या आसपास. आई म्हणाली, "त्याला सांग, ठेव म्हणावं." तो ठेवीना. फेरी झाली नाही तर पैसे कसले? शेवटी इबूने मधला मार्ग काढला. पैसे त्यांनी ठेवायचे आणि आम्ही पाच किलो सलाक न्यायचं. मग तोही गेला, इबूही गेली, डोक्यावर तांदळाची टोपली घेऊन.

घरात राहिलो आम्ही दोघी, बाळ, बाळाची आई आणि दादोंग. गावात आलेल्या पाहुण्यांसाठी त्या दिवशी कुणालाही वेळ नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पेंगलिपुरानच्या त्या आवरून बसलेल्या बायका आठवत होत्या.

सलाक सोलायचं दादोंगने शिकवलं. टोकाला चिमटा घेतला की साल सुटते, हाताला खवले टोचतात. आत लसणाच्या गड्डीसारख्या तीन पाकळ्या, वर पापुद्रा. चव सफरचंद आणि कच्चं फणसाचं आठळं ह्यांच्या मधली कुठलीतरी, करकरीत, शेवटी जीभ किंचित आवळणारी. आईने दोन खाल्ली, बिया रुमालात बांधल्या, मग माझ्याकडे बघून रुमाल सोडला आणि बिया दादोंगच्या सुपात टाकल्या. "विमानात चालायचं नाही ना?" म्हणाली. उरलेलं सलाक पुढे देनपसारच्या हॉटेलात रात्रीचं जेवण झालं.

दुपारी गाडी घेऊन दुसराच कुणी आला. ब्ली अजून खालच्या आळीतच होता. दादोंग आलिंग-आलिंगपर्यंत आली. निरोपाचे मी पाठ केलेले शब्द मी म्हटले, तिने ते सुधारून परत म्हटले. सुनेने बाळाला पुढे धरलं. आईने तळहात उताणा केला, भुवया उंचावल्या. दादोंगने मान हलवली. मग आईने वाकून त्याच्या पायांना बोट लावलं, खालून, हवेत लोंबकळणाऱ्या तळव्यांना.

कमानीच्या बाहेर जमिनीवर सकाळचे दोन चानांग होते. फुलं सुकलेली, उदबत्ती राख होऊन आडवी पडलेली. एक कोंबडी येऊन त्यातली शितं टिपत होती. मी बाजूने वळसा घालून गाडीत बसले.

आई काच खाली करून बघत होती. "डावीकडचा माझा," ती म्हणाली.